लॉन्सवरच्या लग्नाचे ‘रॉयल पॅकेज’ : एका वधुपित्याचा वर्षभरानंतरचा अभिप्राय

२०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या थोरल्या मुलीचे लग्न नाशिक शहराबाहेर, महामार्गालगतच्या एका मोठ्या लॉन्सवर झाले. अशा ठिकाणांबद्दलचा अभिप्राय बहुतेक लोक लग्नानंतरच्या आठवड्यातच लिहून मोकळे होतात, तेव्हा जिलेबीची चव तोंडात असते आणि शेवटचे बिल यायचे असते. मी वर्षभर थांबलो, कारण माझा हिशेब पुरा व्हायलाच तेवढा वेळ लागला. लॉन्सचे नाव मी देत नाही. एक तर त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशी बरीच लॉन्स आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळी हेच पॅकेज विकतात. दुसरे म्हणजे पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांच्या चुकांपेक्षा माझ्या हौसेचा वाटा मोठा आहे.

जागेबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. तीन एकरांवर नीट राखलेली हिरवळ आहे, पाऊस आलाच तर आत वातानुकूलित सभागृह आहे, वऱ्हाडासाठी चौदा खोल्या आहेत आणि त्या खोल्यांत गरम पाणी खरोखरच येते, जे आपल्याकडच्या मंगल कार्यालयांत गृहीत धरता येत नाही. स्वच्छतागृहे रात्री दहापर्यंत स्वच्छ होती. वीज दोनदा गेली आणि दोन्ही वेळा जनरेटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला. नोकरवर्ग अदबीने वागतो. एवढ्या गोष्टींसाठी कोणी त्यांना पाच तारे दिले तर मी हरकत घेणार नाही.

पॅकेजे तीन आहेत: सिल्व्हर, गोल्ड आणि रॉयल. मी सिल्व्हर घ्यायला गेलो होतो. आठ लाखांत लग्न उरकायचे, असे घरात बसून ठरले होते. त्या बैठकीला गावाकडून माझा धाकटा भाऊही आला होता. बुकिंगच्या टेबलाशी बसल्यावर व्यवस्थापकाने पॅकेजचे दरपत्रक पुढे केलेच नाही. त्याने आधी चहा मागवला, मग माझे खाते आणि हुद्दा विचारला, आणि नंतर टॅबलेटवर दुसऱ्यांच्या लग्नांची चित्रणे दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक चित्रणामागे एक वाक्य यायचे. हे अमुक सोसायटीचे चेअरमन, यांनी गोल्ड घेतले होते. हे तुमच्याच खात्यातले साहेब, यांनीही गोल्डच घेतले. रॉयल घ्या, असे तो एकदाही म्हणाला नाही. वीस मिनिटांनी ते मीच म्हणालो, आणि म्हणताना मला वाटले की हा निर्णय सर्वस्वी माझा आहे. विक्रीचे हे कसब वाखाणण्यासारखे आहे. तिथे ताटे आणि मांडव दुय्यम असतात. आपल्या पंक्तीतला माणूस कुठवर पोचला आहे एवढेच दाखवले जाते आणि त्याच्या पुढे पाऊल टाकायचे काम आपल्यावर सोडले जाते.

माझ्या मनात आणखीही एक गोष्ट होती, आणि ती न सांगता हा अभिप्राय लिहिला तर तो खोटा होईल. मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, तेव्हापासून प्रशासक होता आणि निवडणुका आज ना उद्या लागतील असे प्रत्येक जण म्हणत होता. आमच्या गटातून उमेदवारी मिळावी, असे माझ्या डोक्यात होते. मुलीच्या लग्नाला किती गाड्या लागल्या, कोणकोण आले, आमदारसाहेब किती वेळ थांबले, यावरून गावोगावी माणसाचे वजन ठरते हे मी तीस वर्षे पाहत आलो होतो. मुलगी तर नोंदणी विवाहच करू म्हणत होती. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे, तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यात काम होते, असे तिने सगळे वाचून मला सांगितले होते. मुलाकडच्यांचीही ना नव्हती. त्यांनी हुंडा तर नाहीच, मानपानाचीही काही अट घातली नव्हती. “तीन साक्षीदारांत आमदारांना कुठं बसवू?” असे मी विनोदाने म्हणालो होतो. त्यावर ती हसली नाही, हे मला आता आठवते.

आता पैसा. ताट ६५० रुपयांचे आणि किमान हमी १,२०० ताटांची, म्हणजे ७,८०,००० रुपये. लॉन्सचे भाडे २,७५,०००, सजावट ३,५०,०००, छायाचित्रण, ड्रोन आणि एलईडी पडदा मिळून १,८०,०००. इथवर १५,८५,००० झाले. प्रत्यक्षात ताटे भरली १,५१०. वाढीव ३१० ताटांचे २,०१,५०० वेगळे लागले, आणि जनरेटरचे डिझेल, पाण्याच्या बाटल्या, फेटे व जीएसटी धरून आकडा वीस लाखांच्या पलीकडे गेला. बुक करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: इथे माणसे मोजत नाहीत, वापरलेल्या प्लेटा मोजतात. चाटच्या काउंटरवर एक, जेवणाला दुसरी अशा दोन प्लेटा ज्याने घेतल्या, त्याची दोन ताटे धरली जातात. करारात हे लिहिलेले आहे, पण मागच्या पानावर. मोजणीच्या वेळी घरचा एक शहाणा माणूस भांड्यांपाशी उभा करावा. आमच्या घरात तो माणूस माझा भाऊ होता. मात्र त्या रात्री त्याला असले काही सांगावे अशा स्थितीत आम्ही दोघे नव्हतो.

वाढलेले बारा लाख आले ते जमिनीतून. वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावांच्या नावावर चार एकर सामाईक होती, सातबाऱ्यावर दोघांची नावे, कसणारा एकटा तो. रस्त्याला लागून असलेले वीस गुंठे विकायचे आणि ते माझ्या वाट्यातून वळते करायचे, असे मी सुचवले. हिशेबाने ते रास्तच होते. मात्र रस्त्याला लागलेले वीस गुंठे आणि मागच्या अंगाचे वीस गुंठे यांत फरक असतो, हे शेतकऱ्याला कळते तसे कार्यालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला कळत नाही. त्या विक्रीपासून द्राक्षांची पिकअप बागेत न्यायची तर नाल्याकडून वळसा घ्यावा लागतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्याने एका शब्दानेही न विचारता सही केली, अंगठ्याची शाई रुमालाला पुसली आणि म्हणाला, “दादा, तुम्ही म्हणाल तसं.”

तारखेचे असेच झाले. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की चार-साडेचार महिन्यांनी माल खुड्याला येतो, आणि त्याची बाग नेमकी फेब्रुवारीच्या मध्यावर येणार होती. लग्न अक्षय्य तृतीयेला धरा, असे तो म्हणत होता; साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पंचांगही पाहायला नको आणि माल गेलेला असेल म्हणजे हातात पैसाही असेल. लॉन्सवाल्यांनी तो दिवस आधीच भरल्याचे सांगितले, आणि ते खरेही असेल. पण मी दुसरे ठिकाण पाहिले नाही, कारण आमदारसाहेबांनी फेब्रुवारीतली तारीख दिली होती. लग्नाच्या आधल्या दिवशी व्यापारी बागेत भाव करायला आला, तेव्हा भाऊ माझ्याकडे हळदीच्या मंडपात खुर्च्या लावत होता. सौदा चार दिवसांनी आणि कमी भावात झाला. किती कमी, हे त्याने मला आजतागायत सांगितलेले नाही.

रॉयल पॅकेजमध्ये निमंत्रणपत्रिका अंतर्भूत आहे, आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. पेटीसारखी उघडणारी, आत गणपतीची मूर्ती आणि सुक्या मेव्याचे दोन कप्पे असलेली ही पत्रिका दिसायला सुरेख होती. आपल्याकडच्या पत्रिकेला मात्र एक वेगळेच व्याकरण असते. निमंत्रक कोण, प्रेषक कोण, ‘आपले विनीत’खाली आधी थोरल्या काकांचे नाव की आत्याच्या यजमानांचे, यावरून आपल्या घरांत वर्षानुवर्षे अबोले धरले गेले आहेत, आणि तळाशी लहान मुलांची ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ अशी किलबिल असते. पॅकेजच्या आरेखकाने सांगितले की या नमुन्यात सहाच नावे शोभतात, गर्दी झाली की पत्रिकेचा रुबाब जातो. मी सहा नावे दिली. त्यांत आमदार होते, कारखान्याचे एक संचालक होते, माझे मुख्य अभियंता होते. भावाचे नाव ‘व समस्त परिवार’ या तीन शब्दांत गेले. किलबिल तर गेलीच. गावात भावकीला पत्रिका वाटायला तोच फिरला, दोन दिवस, मोटारसायकलवर. प्रत्येक घरात कोणीतरी पत्रिका वाचून त्याच्याकडे पाहिले असणार.

लग्नाच्या दिवसाची पार्किंगव्यवस्था उत्तम होती आणि तिचा मला सर्वांत जास्त पश्चात्ताप होतो. मांडवाजवळ गाडी नेण्यासाठी पॅकेजमध्ये पंचवीस स्टिकर मिळतात. मी ते साहेबमंडळींना आणि पुढाऱ्यांना वाटले. भाऊ पिकअपमध्ये पुढे आईला आणि दोन्ही मावश्यांना बसवून आला. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाने त्याला, नियमाप्रमाणे आणि नम्रपणे, मागच्या मैदानाकडे वळवले. एक्क्याऐंशी वर्षांची माझी आई तिथून चालत आली. रक्षकाची काही चूक नव्हती.

गोरज मुहूर्त ६ वाजून ३४ मिनिटांचा होता. लग्न लागले ८ वाजून १० मिनिटांनी. सहा ते सव्वासहा ही वेळ वधूच्या प्रवेशासाठी राखीव होती, थंड आतषबाजी आणि धुराच्या यंत्रासह, ती लांबली. मग मान्यवरांचे सत्कार झाले. नाशिककडच्या लग्नांत ही चाल आता इतकी रुजली आहे की अक्षता हातात धरून लोक भाषणे ऐकतात आणि त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही. शाल, श्रीफळ, फेटा. सूत्रसंचालकाने सत्तावीस नावे घेतली. सत्ताविसावे झाल्यावर त्याला चिठ्ठी पाठवून भावाचे नाव घ्यायला सांगावे असे माझ्या मनात आले. तेवढ्यात आमदारसाहेब बोलायला उभे राहिले आणि ते राहून गेले.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, आणि हे लॉन्स तो नियम कसोशीने पाळते. दहाच्या आत स्वागतसमारंभाचा नृत्याचा कार्यक्रम संपवायचा होता. गेलेला दीड तास कुठून तरी भरून काढणे भाग होते, आणि तो विधींतून भरून काढला गेला. कानात यंत्र लावलेली समन्वयक मुलगी गुरुजींच्या शेजारी उभी राहून घड्याळ दाखवत होती. मला मुलगा नाही. थोरलीला सख्खा भाऊ नाही म्हणून काकाचा मुलगा तिचा भाऊ. लहानपणापासून दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला तोच येई. एकोणीस वर्षांचा तो पोरगा, या एका दिवसासाठी शिवलेला जोधपुरी कोट घालून, होमापाशी उभा होता. लाजाहोमाच्या वेळी त्याने बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या, आणि त्यानंतर कानपिळी, म्हणजे वधूच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, सगळ्यांनी हसायचे आणि नवरदेवाने त्याला काहीतरी द्यायचे. दोन मिनिटांचे काम. त्याने बाही सावरून हात पुढेही केला होता. समन्वयक मुलगी म्हणाली, “गुरुजी, डायरेक्ट सप्तपदी घ्या,” आणि कॅमेरावाल्याने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला चौकटीतून बाजूला केले. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले.

नवरदेवाने द्यायचे पाकीट तिच्या सासऱ्यांनी आठवणीने तयार ठेवले होते. रात्री त्यांनी ते माझ्या हातात दिले. “हे राहूनच गेलं,” एवढेच ते बोलले.

जेवण चांगले होते. सत्तावीस पदार्थ, सगळे गरम, मसालेभात तर फारच उत्तम. पास्त्याच्या काउंटरवर गर्दी आणि वांग्याच्या भाजीपुढे शांतता, हा काळाचा महिमा. मठ्ठा पातळ होता. वृद्धांसाठी पंगत मांडता येते का हे आधी विचारून ठेवावे. येते, पण पॅकेजमध्ये नाही, आणि मी विचारले नव्हते. आई सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवली. ते ताट भावजयीने आणून दिले.

दहा-बारा दिवसांनी भाऊ शहरात आला. चहा घेतला, मुलीची खुशाली विचारली, आणि कप खाली ठेवताना म्हणाला, “दादा, वाटणी करून घेऊ.” आवाज चढलेला नव्हता. मी पत्रिकेचा, स्टिकरचा, कानपिळीचा विषय काढून काही बोलायचा प्रयत्न केला, तर त्याने मान हलवली: “ते नाही हो. पोरगं विचारत होतं, आपण नेमके कोण लागतो त्यांचे.” मे महिन्यात मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले. उमेदवारीचे पुढे काहीच झाले नाही. आमदारसाहेबांनी लग्नानंतर एकदा फोन केला, तो एका बदलीच्या कामासाठी होता.

त्याच उन्हाळ्यात पुण्याकडच्या एका विवाहितेच्या मृत्यूने राज्य हादरले आणि लग्नांतल्या बडेजावाविरुद्ध ठिकठिकाणी समाजाच्या बैठका झाल्या. आमच्याकडेही झाली. माणसे मोजकी बोलवावीत, प्री-वेडिंग नको, डीजे नको, सत्कार नकोत, लग्न मुहूर्तावरच लागावे, अशी आचारसंहिता वाचून दाखवली गेली आणि ज्येष्ठ म्हणून मला अनुमोदन द्यायला उभे केले. समोरच्या रांगेतल्या निम्म्या लोकांनी माझ्या मुलीच्या लग्नात जेवण केले होते. मी अनुमोदन दिले. त्या सभेतून बाहेर पडताना एका मित्राने त्या लॉन्सचा दर विचारला. त्याच्या मुलीचे डिसेंबरात होते. मी दर सांगितला आणि प्लेटांची गोष्टही सांगितली.

लॉन्सच्या बाजूने एवढे नमूद करतो की त्यांनी मला सांगितलेले सगळे दिले, जे दिले नाही ते मी मागितलेले नव्हते. घ्यायचेच असेल तर सिल्व्हर घ्यावे. पत्रिका बाहेरून छापून घ्यावी. वेळापत्रकात विधींची मिनिटे गुरुजींना विचारून लिहून घ्यावीत आणि त्यांच्याखाली समन्वयकाची सही घ्यावी. स्टिकर वाटण्याआधी घरच्या गाड्या मोजाव्यात.

राहिले छायाचित्रण. साठ पानांचा अल्बम आणि चार तासांचे चित्रण मिळाले, दोन्हींचा दर्जा उत्तम आहे. अल्बमात भाऊ एका पानावर पाठमोरा आहे. पुतण्याचे एकही छायाचित्र नाही. दिवाळीला तो भाऊबीजेला आला नाही, निरोप पाठवला. मुलगीच ओवाळणीचे ताट घेऊन गावी जाऊन आली, आणि येताना मला म्हणाली की कोट त्याने अजून कपाटात तसाच ठेवला आहे. लाजाहोमाच्या वेळी कॅमेरा होमावरच रोखलेला होता, तेव्हा बाही सावरून उभा असलेला तो कुठेतरी असणार, निदान एक चित्र काढून पाकिटासोबत त्याला द्यावे, या विचाराने मी लॉन्सच्या छायाचित्रण विभागात गेलो. तिथल्या मुलाने अदबीने करार उघडून दाखवला. न वापरलेले मूळ चित्रण समारंभानंतर नव्वद दिवसच ठेवले जाते, आणि ज्यांना ते हवे असेल त्यांनी त्या मुदतीत आपली हार्ड डिस्क आणून द्यायची असते.